व्यसनी माणसाच्या शब्दाचं प्रामाण्य

एक पान, नऊ प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास अजिबात झाला नाही, काही दिवस झाला, अर्ध्याहून जास्त दिवस झाला की जवळजवळ रोज झाला, यांपैकी एकावर खूण करायची. शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त भरले की नैराश्याची शंका घ्यायची, पंधराला पोचले की ते बऱ्यापैकी तीव्र धरायचं. ‘पीएचक्यू-९’ नावाची ही प्रश्नावली क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये पारखून मांडली, आणि पारख झाली ती अमेरिकेतल्या साध्या दवाखान्यांत व स्त्रीरोग चिकित्सालयांत आलेल्या रुग्णांवर. आज ती मराठीतही उपलब्ध आहे. नाशिकच्या एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊन तीनच दिवस झालेल्या माणसापुढेही तोच कागद येऊ शकतो. त्याच्या चौदा दिवसांपैकी अकरा दिवस पिण्यात गेलेत आणि उरलेले तीन दारू उतरण्यात. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही, कशावर लक्ष टिकत नाही, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. थरथर सोडली तर नवांपैकी पाच प्रश्न नेमके याच गोष्टींबद्दल आहेत. पाचांना तीन-तीन गुण दिले की पंधरा होतात. म्हणजे उदासी, निराशा, मरणाचा विचार यांतलं काहीही मनात नसताना हा माणूस कागदावर बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचा रुग्ण ठरू शकतो. प्रश्न ज्यांच्यासाठी रचले गेले त्यांच्यात तो नव्हता.

व्यसनाधीन माणसांसाठी मनाची मापनश्रेणी पारखून घेणं हे काम आपण संख्याशास्त्रावर सोपवून मोकळे होतो. तोच माणूस आठवड्याने तशीच उत्तरं देतो का, प्रश्न एकमेकांशी मेळ राखतात का, गुणांवरून काढलेला निष्कर्ष अनुभवी मनोविकारतज्ज्ञाच्या मुलाखतीशी जुळतो का, एवढं तपासलं की श्रेणी प्रमाणित झाली असं म्हणतात. हे सगळं हवंच. पण त्याच्या तळाशी जो प्रश्न आहे तो आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतकं लढवलेला आहे: एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून मानायचं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणत, ज्ञान उपजतच प्रमाण असतं. त्याला खोटं ठरवणारं काही पुढे येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. ज्ञानाचं खरेपण बाहेरून सिद्ध करावं लागतं, त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली तरच ते प्रमाण, असा त्यांचा आग्रह. या वादाचा निकाल लावायची माझी पात्रता नाही, पण व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात दोन्ही बाजूंना आपापली जागा आहे असं मला ठामपणे वाटतं. माणसाच्या शब्दाला मीमांसकांचा न्याय लावावा आणि प्रश्नावलीला नैयायिकांचा. प्रत्यक्षात आपण याच्या बरोब्बर उलट वागतो. माणसाच्या प्रत्येक वाक्यावर संशय घेतो आणि छापील कागदाला विनातपास मान देतो.

पहिला आक्षेप इथेच येतो. पिणाऱ्याच्या बोलण्यावर कसला भरवसा ठेवायचा? ज्या बायकोने मंगळसूत्र गहाण पडलेलं पाहिलंय, ज्या आईने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा मोडताना पाहिल्यात, तिचा हा प्रश्न अनुभवातून आलेला आहे आणि तो झटकून टाकणं निर्दयपणाचं होईल. मात्र ‘उद्यापासून बंद’ हे वाक्य आणि ‘मला रात्रभर झोप नाही’ हे वाक्य एका जातीचं नाही. पहिलं वचन आहे, दुसरी साक्ष. वचन मोडणारा माणूस साक्षही खोटीच देतो असं ठरवून टाकण्याला आधार नाही. शेन डार्क या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९९८ मध्ये सुईने नशा करणाऱ्यांच्या स्वतःबद्दलच्या कथनांचा आढावा घेतला. ती कथनं लघवीच्या तपासण्या, पोलिसांच्या नोंदी आणि जवळच्या माणसांच्या सांगण्याशी ताडून पाहिलेल्या अनेक अभ्यासांचा तो आढावा होता, आणि ही कथनं पुरेशी भरवशाची असतात असा त्याचा निष्कर्ष निघाला. दारूबाबतही संशोधकांचं साधारण एकमत आहे की विचारताना माणूस शुद्धीवर असेल, उत्तर बाहेर फुटणार नाही याची त्याला खात्री असेल आणि खरं बोलल्याची शिक्षा होणार नसेल, तर तो बहुतांशी खरं सांगतो. खोटेपणा व्यसनी माणसाच्या स्वभावात रुजलेला असतो असं आपण समजतो; पुष्कळदा तो विचारण्याच्या व्यवस्थेत असतो. शेजारी बायको बसलेली, समोर जाडजूड फाइल घेतलेला इंटर्न, मागे नाव नोंदवायला थांबलेले दोघे, आणि मोठ्याने वाचलेला प्रश्न: घरच्यांना तोंड दाखवायला लाज वाटते का? या परिस्थितीत मिळालेलं उत्तर चुकीचं निघालं तर दोष कोणाचा?

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण ज्याला विषय प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो अशा आप्ताचा शब्द. भाष्यकार वात्स्यायनांनी पुढे स्पष्ट केलंय की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखीच लागू आहे. जात, कुळ, पुण्य यांचा इथे संबंध नाही. जाणतो कोण आणि सांगतो कोण एवढंच पाहायचं. व्यसनाच्या आतल्या यातनेबद्दल पिणाऱ्याइतकं प्रत्यक्ष दुसरं कोण जाणतं? १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होत आले. अवचटांच्या ‘गर्द’ या लेखनाने ब्राऊन शुगरच्या विळख्यातली मुलं महाराष्ट्राला पहिल्यांदा जवळून दाखवली, आणि ते लेखन त्या मुलांच्या तोंडून ऐकलेल्यावर उभं होतं. बऱ्या झालेल्या माणसाला तज्ज्ञाच्या पंक्तीत बसवणं ही केवळ दयाबुद्धी नव्हती. ज्ञान कुठून मिळवायचं याबद्दलचा तो एक निर्णय होता. मापनश्रेणी रचताना आणि पारखताना हा निर्णय आपण विसरतो. प्रश्नांचं भाषांतर दोन प्राध्यापक करतात, ते उलटं फिरवून तिसरा तपासतो, आणि ज्याला उत्तर द्यायचंय त्याच्या कानाला तो प्रश्न कसा लागतो हे शेवटपर्यंत कुणी विचारत नाही.

शब्द दडपला जाण्याचं एक कारण धार्मिक आहे आणि नाशिक जिल्ह्यात ते फार ठळक दिसतं. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला दारू वर्ज्य. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ च्या बौद्ध दीक्षेत दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातलं पाचवं शील तेच सांगतं. मालेगावातल्या मुसलमान वस्तीत मद्य हराम आहे, आणि स्वतःचं पाप चारचौघांत उघडं न करता अल्लाहपुढे तौबा करावी हा तिथला धार्मिक शिष्टाचार आहे. अशा माणसाने ‘किती वेळा घेतली?’ या प्रश्नावर कमी सांगितलं, तर त्याला लबाड म्हणून निकालात काढणं सोपं आहे. खरं म्हणजे तो एका व्रताचं, शीलाचं किंवा तौबेचं मोडणं झाकत असतो. धर्म त्याच्या वाटेत आडवा येतो असं मात्र मी म्हणणार नाही. पाचव्या शीलात मद्य टाळायचं कारण दिलंय ते प्रमाद, गाफीलपणा. म्हणजे तिथेही लक्ष मनाच्या स्थितीकडेच आहे. विचारणाऱ्याला एवढं ठाऊक असेल, तर तो हिशेब मागण्याआधी मन कसं आहे ते विचारेल, आणि उत्तर बदललेलं दिसेल.

आता प्रश्नावलीकडे वळतो, कारण तिच्याबाबतीत मला नैयायिकांइतकं कडक व्हायचं आहे. १९८८ मध्ये ब्राऊन आणि शुकिट यांनी दारूसाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांची उदासी दर आठवड्याला मोजली. दाखल होताना ४२ टक्के पुरुष उपचारयोग्य नैराश्याच्या पातळीवर होते. न पिता चार आठवडे काढल्यावर ६ टक्के उरले. त्यांना नैराश्याची गोळी दिली म्हणून ही घट झालेली नव्हती. दारू थांबली होती. म्हणजे पहिल्या आठवड्यात लावलेलं लेबल बहुतेकांच्या बाबतीत दारूचं लेबल होतं. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. महिन्यानंतर ज्यांचं मन खरोखर काळवंडलेलंच राहणार आहे ते कोण, हे पहिल्या आठवड्यात ओळखता येत नाही, आणि ‘उतरतेय, होईल बरा’ म्हणून सोडून दिलेल्यांत तेही असतात. मरणाचे विचार येतात का या नवव्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर ते उत्तर दारूतून आलं की आजारातून, हा तपास त्या रात्री गैरलागू आहे. माणसाला एकटं सोडायचं नाही. प्रमाण-अप्रमाणाची चर्चा सकाळी करता येते.

प्रत्येक नशेची सावली वेगळी पडते ही गोष्ट आणखी अवघड. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना पकडला, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. एमडी उतरताना माणूस कोसळतो, काही दिवस कशातच राम वाटत नाही. दारूसारखी थरथर नाही, पण पोकळी खोल. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून ओळखली जाते ती अल्प्राझोलमची गोळी, म्हणजे घबराट कमी करण्यासाठी डॉक्टर जी लिहून देतात तीच. ती अचानक तोडली की घबराट, अस्वस्थता, निद्रानाश उसळून येतात. झटकेही येऊ शकतात. अशा मुलापुढे चिंताविकार मोजणारी सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ ठेवली, तर गुण चिंतेचे मोजले जातील की गोळीच्या अभावाचे? आणि गुण जास्त आले म्हणून त्याच गटातलं औषध लिहून दिलं गेलं तर? एका नशेवर, एका गावात पारखलेली श्रेणी दुसऱ्या नशेसाठी आपोआप खरी ठरत नाही, हे यावरून कळावं.

इथे मीमांसकांचा जुना टोमणा आठवतो. ज्ञान बाहेरून सिद्ध करायचं, तर सिद्ध करणारं ज्ञान कशाने सिद्ध होणार? त्याला तिसरं, तिसऱ्याला चौथं. ही अनवस्था थांबायची कुठे? प्रश्नावली मनोविकारतज्ज्ञाच्या मुलाखतीवर घासून पाहतात, पण मुलाखत कशावर घासायची? १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-ब्रिटन तुलनेत दिसलं की अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जिथे स्किझोफ्रेनिया पाहत, तिथे ब्रिटिश तज्ज्ञांना बऱ्याचदा भावनांचा विकार दिसे. रुग्णात फरक नव्हता, पाहणाऱ्यांत होता. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेतल्या ५९८ रुग्णांवर पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या निदानाच्या मुलाखतीशी ताडून पाहिल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. सगळ्या बऱ्यापैकी चालल्या, तरी ज्यांना प्रश्नावलीने रुग्ण ठरवलं त्यांच्यापैकी मुलाखतीतही रुग्ण ठरलेल्यांचं प्रमाण ५१ ते ७७ टक्के होतं. हे साध्या रुग्णांबाबत, व्यसनमुक्ती केंद्रातल्या नव्हे.

नैयायिकांनी या अनवस्थेवर दिलेलं उत्तर मला आजही पटतं. ज्ञानावर विसंबून पाऊल टाकलं आणि ते फळलं की शंका तिथे थांबते. गोव्यातलंच उदाहरण घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली वापरून, १२ ते १९ गुणांचे, म्हणजे घातक पिणारे पण अजून पूर्ण अवलंबून नसलेले ३७७ पुरुष प्राथमिक आरोग्य केंद्रांतून निवडले गेले, आणि डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यातल्या निम्म्यांशी काही बैठका केल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी आदल्या चौदा दिवसांत अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण या गटात ४२ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ टक्के. त्या गुणांवर विसंबून केलेली निवड फळली. व्यसनी माणसांसाठीची नैराश्याची श्रेणीही याच कसोटीला लावायला हवी: या गुणांवरून ज्याला औषध दिलं तो सहा महिन्यांनी सावरला का, आणि ज्याला थांबायला सांगितलं त्याचं थांबणं सुरक्षित ठरलं का? तज्ज्ञाशी जुळणं ही मधली पायरी झाली.

दारूतून आलेली उदासी आणि मुळातली उदासी वेगळी करायची, तर पिण्याचे आणि न पिण्याचे काळ आधी आखून घ्यावे लागतात, मग कोणतं लक्षण कोणत्या काळातलं ते विचारावं लागतं. डेबोरा हॅसिन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘प्रिझम’ मुलाखत हेच करते. पण तारखा कोणाला आठवतात? आपल्याकडे याला सोपं साधन आहे. गटारी अमावास्येला शेवटची घेऊन श्रावण पाळणारे किती तरी पुरुष महाराष्ट्रात आहेत. श्रावण म्हणजे साधारण चार आठवडे, ब्राऊन आणि शुकिट यांनी मोजले जवळजवळ तेवढेच. ‘गेल्या श्रावणात घेत नव्हता तेव्हा झोप कशी होती? ब्रह्मगिरीची फेरी केलीत का? मन रमलं का?’ हा प्रश्न कोणत्याही आयात केलेल्या प्रश्नाइतका काटेकोर आहे आणि त्याला माणूस पटकन उत्तर देतो. ज्याला श्रावण कधीच पाळता आला नाही, त्याचं तसं सांगणंही निदानाला उपयोगी पडतं. द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीच्या आधी की नंतर असं विचारावं. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला रमजानच्या महिन्याबद्दल. धार्मिक कॅलेंडर इथे श्रद्धेचा विषय राहूनही निदानाचं हत्यार होऊ शकतं, आणि विचारणाऱ्याने त्याचा संकोच करू नये.

सगळ्यांत अवघड प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. पीएचक्यूतला सहावा प्रश्न असा: आपण वाईट आहोत, अपयशी आहोत, स्वतःला किंवा कुटुंबाला तोंडघशी पाडलं असं वाटतं का? साध्या नैराश्यात अशा भावनेला बहुधा आधार नसतो. काही न करताही माणूस स्वतःला अपराधी मानतो आणि म्हणूनच ते लक्षण असतं. पण ज्याने खरोखरच घरचं धान्य विकलंय, मुलीच्या फीचे पैसे उडवलेत, त्याने ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली तर तो आजार आहे की आकलन? भक्तिपरंपरेत अनुतापाशिवाय दार उघडत नाही. तुकारामांच्या अभंगांत स्वतःच्या हीनपणाची जी कबुली येते तिला कोणी तीन गुण देणार नाही. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही स्वतःचा नैतिक झाडा घेणं, तो दुसऱ्यापुढे बोलून दाखवणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करून भरपाई करणं या पायऱ्या आहेत. ज्या पश्चात्तापाला प्रश्नावली लक्षण म्हणते, त्यावर ती सगळी उपचारपद्धती उभी आहे. मग बरा होत चाललेल्या माणसाचा हा गुण वाढलेला दिसला, तर श्रेणी सांगणार तो बिघडतोय.

यावर काहीजण म्हणतील, हा प्रश्न काढूनच टाका. मला ते मान्य नाही, कारण अपराधी भावना जीवघेणीही असते. ‘मी तिचं वाटोळं केलं, आता सुधारेन’ आणि ‘मी तिचं वाटोळं केलं, मी नसलेलाच बरा’ ही दोन वाक्यं एकाच खोलीत शेजारी बसलेल्या दोन माणसांची असू शकतात, आणि सहाव्या प्रश्नाच्या रकान्यात दोघांची खूण एकाच जागी पडेल. फरक दिसायचा तर पुढचा प्रश्न हवा: यावर काही करता येईल असं वाटतं का, काही केलंत का? आणि पारख करणाऱ्याने पाहायला हवं की एकाच पातळीच्या उदासीत व्यसनी आणि निर्व्यसनी माणसं या प्रश्नाला वेगळी उत्तरं देतात का. तसंच नशा सुटून महिने लोटल्यावर हा प्रश्न झोप-भूक-निराशेच्या प्रश्नांबरोबर उतरतो, की ते उतरले तरी हा एकटाच वर राहतो. एकटाच वर राहत असेल, तर त्याला नैराश्याच्या बेरजेत धरू नये, समुपदेशनाच्या वहीत स्वतंत्र लिहावा. पाप आणि आजार यांतली रेषा कुठे पडते हे आकडेवारी ठरवणार नाही. ती आपण चुकीच्या जागी ओढली आहे का, एवढं मात्र तिला दाखवता येतं.

नशेच्या श्रेणींमध्ये नीतीचा असाच शिरकाव दुसऱ्या वाटेनेही झालाय. आरोग्य संघटनेच्या ‘असिस्ट’मध्ये आठ प्रश्न आहेत, त्यात नशेमुळे तुमच्याकडून अपेक्षित काम राहून गेलं का आणि मित्र-नातेवाइकांनी काळजी व्यक्त केली का, असे दोन आहेत. हे प्रश्न गृहस्थासाठी आहेत. सिंहस्थात त्र्यंबकला येणारा, स्वतःचं श्राद्ध घालून घर सोडलेला, चिलीम ओढणारा साधू या दोन्ही प्रश्नांना शून्य गुण मिळवेल, त्याची छाती कितीही पोखरलेली असो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर देवकार्यात मोहाची दारू घेणाऱ्याला शहरी तपासनीस नको तेवढे गुण देईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक स्थितींना मानसिक आजारात धरलं आहे, आणि त्याच कायद्यात असंही बजावलंय की समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी माणूस जुळत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येणार नाही. ही दोन कलमं एकत्र वाचली, तर पारख नसलेली श्रेणी वापरणं कायद्याच्या हेतूविरुद्ध जातं असं मला वाटतं.

उरलेले दोन आक्षेप थोडक्यात. आत्म्याची यातना आकड्यात मावत नाही, हे खरंच; पण प्रश्नावली यातना मोजते असा दावा तिच्या जाणत्या कर्त्यांनीही केलेला नाही. ती विचारण्याची एक शिस्त आहे. ती नाकारली म्हणून मोजणं थांबत नाही, ‘याचा चेहराच सांगतो’ असा डॉक्टरच्या मनातला अंदाज तिची जागा घेतो, आणि त्या अंदाजाची पारख कोणीच केलेली नसते. दुसरा आक्षेप वारकरी मंडळींचा: माळ घातली, संगत बदलली, सुटली, कागद हवेत कशाला? माळेने असंख्य संसार वाचवले आहेत, हे मी मनापासून मानतो. ज्याची माळ तुटते आणि जो लाजेने दिंडीत परत येत नाही, त्याच्याबद्दल माझा प्रश्न आहे. त्याच्या दारूखाली न ओळखलेलं नैराश्य असेल, तर त्याला निष्ठा कमी पडली असं म्हणणं अन्याय आहे.

नाशिकच्या म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्याच्या अखत्यारीत लिहिले जातात. मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रबंधात कोणतीही श्रेणी वापरली, तर ती व्यसनाधीन मराठी, अहिराणी, कोकणा किंवा उर्दू बोलणाऱ्यांवर पारखलेली आहे का हे लिहिणं बंधनकारक करावं. नसेल, तर तसं स्पष्ट नोंदवावं. पारख करायची तर तिसऱ्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन्ही वेळा करावी. दारू, एमडी आणि गोळी यांचे गट वेगळे ठेवावेत. प्रश्नांची वाक्यं किमान वर्षभर नशेपासून दूर असलेल्या माणसांसोबत बसून लिहावीत, आणि त्यांची नावं भाषांतरकार म्हणून प्रबंधात छापावीत. ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती त्याच्या घरातली नसावी, पोलिसातली नसावी आणि त्याच्या सुट्टीचा निर्णय घेणारीही नसावी. ही शेवटची अट खर्चाची नाही, तरी सगळ्यांत आधी तीच गाळली जाईल असं मला दिसतं, म्हणून तिचा उल्लेख प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात पहिल्या पानावर असावा.